इसानमध्ये धानाची चाचणी आणि गावची पूजा, तारखांचा मेळ कसा घालायचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही गोंदियाकडचे, धानातच शिक्षण झालेलं, आता एका बियाणं कंपनीच्या कामासाठी वर्षभर थायलंडच्या इसान भागात, म्हणजे ईशान्येला, जाताय. शेतकऱ्यांच्या बांध्यांमध्ये चाचणीचे प्लॉट लावायचेत. प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यात, पऱ्हा (रोवणीसाठीची रोपं) टाकायची तारीख २० मे आणि रोवणी १५ जूनच्या आसपास लिहिलीय. तिकडचा सहकारी सांगतोय की गावाच्या राखणदाराची पूजा झाल्याशिवाय कुणी नांगरणीला हात लावणार नाही, आणि पूजेची तारीख अजून ठरलेली नाही. हे किती मनावर घ्यायचं आणि शेतकऱ्यांना समजावून काम आधी सुरू करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी इसानमध्ये आणि नंतर उत्तर थायलंडमध्ये भाताच्या चाचण्या, बियाणं आणि शेतकऱ्यांची ट्रेनिंगं यातच बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा लांब लिहितो. मला वाटतं इथे परंपरा की शास्त्र असा प्रश्न नाहीच. त्या गावात "चला, आता शेतीला लागायचं" हे कोण ठरवतं आणि कशावरून ठरतं, हे समजून घ्यायचंय. तिकडे शेतीचे विधी भरपूर आहेत आणि बाहेरून सगळे सारखेच दिसतात, फुलं, केळीची पानं, चिकट भात, दारूची बाटली, मंत्र. पण प्रत्येक विधी बघताना मी एकच गोष्ट शोधतो, की ह्याच्यावर शेतीचा कुठला निर्णय बसलेला आहे. पाण्याचा आहे, मजुरांचा आहे, बियाण्याचा आहे, का कशाचाच नाही? निर्णय बसलेला असेल तर तुमचा प्लॅन त्याच्याभोवती फिरवा. नसेल तर त्या दिवशी सुट्टी धरा, गावात जा, सगळ्यांबरोबर जेवा.

आता हे बरंचसं परिस्थितीवर आहे हे आधीच सांगतो. गाव कालव्याखाली आहे का निव्वळ पावसावर, वाण कुठलं आहे, रोवणी करतात का पेरणी, आणि जमिनीचा मालक गावात राहतो का बँकॉक-चोनबुरीच्या कारखान्यात, ह्या चार गोष्टींवर उत्तर बदलतं. चाव फ्रया नदीच्या मधल्या खोऱ्यात पाणी कालव्याचं, वर्षात दोन पिकं, कधी त्याहून जास्त, तिथे तारीख पाणी सोडण्यावर आणि हार्वेस्टर मिळण्यावर ठरते आणि विधी बराच मागे पडलाय. इसान तसा नाही. रेताड, कमी कसाची जमीन, कित्येक ठिकाणी खारवट, आणि बहुतेक शेती पावसावरचं एकच पीक. तुम्ही जिथे जाताय तो सुरिन-रोइ एतचा भाग म्हणजे थुंग कुला रोंगहायचं मैदान, पाच प्रांतांत पसरलेलं, साधारण २१ लाख राय. (एक राय म्हणजे १६०० चौरस मीटर, आपला एक एकर म्हणजे अडीच राय धरा, तिकडे सगळं रायमध्येच बोलतात.) जगभर जो जास्मिन तांदूळ विकला जातो त्यातला नावाजलेला माल इथला.

सगळ्यात आधी लोक ज्या विधीबद्दल विचारतात तो बँकॉकचा राजनांगरणीचा सोहळा. मे महिन्यात सनाम लुआंगच्या मैदानावर होतो, १९३६ नंतर बंद पडला होता, १९६० पासून पुन्हा सुरू झाला. कृषी मंत्रालयाचा सर्वात वरचा अधिकारी नांगरधारी होतो, राजदरबारचे ब्राह्मण शंख वाजवतात, झाकून ठेवलेल्या तीन वस्त्रांतलं एक तो निवडतो, ४, ५ नाहीतर ६ वीत लांबीचं. आखूड आलं तर पाऊस भरपूर, लांब आलं तर कमी. मग बैलांपुढे सात पदार्थ ठेवतात, भात, मका, मूग, तीळ, गवत, पाणी आणि दारू, बैल काय खातात त्यावरून वर्षाचं भाकीत. आपल्याकडे भेंडवळच्या घटमांडणीची बातमी जशी सगळे वाचतात तसंच हे सगळे टीव्हीवर बघतात. सोहळा संपला की पेरलेले दाणे वेचायला लोक मैदानात धावतात, ते घरच्या बियाण्यात मिसळतात नाहीतर पाकिटात ठेवतात. त्याचं मोल लोकांना फार आहे. पण इसानमधल्या माझ्या ओळखीच्या कुणीही त्या भाकितावरून वाण बदललेलं किंवा पेरणी पुढेमागे केलेली मी पाहिलं नाही. तुमच्यासाठी एवढंच, की त्या दिवशी सरकारी ऑफिसं बंद असतात, माती-बियाण्याचे नमुने द्यायचे असतील तर आधी द्या.

बुन बंग फाय, म्हणजे अग्निबाणांचा उत्सव, हाही मे मधलाच. यासोथॉनचा प्रसिद्ध आहे पण जवळपास प्रत्येक गावाचा आपला असतो. आकाशातल्या फया थॅनला पावसाची आठवण करून द्यायची म्हणून सोरा आणि कोळशाच्या दारूचे बाण सोडतात, मोठ्या बाणात शेकडो किलो दारू असते. ज्याचा बाण उडत नाही त्याला चिखलात लोळवतात. ह्याच्यावर पेरणीचा निर्णय नाही, पण मजुरांचा आहे. त्या आठवड्यात तुम्हाला माणूस मिळणार नाही, ट्रॅक्टरवाला तर नाहीच, कारण तोच बाण बनवणाऱ्यांत असतो. शेजारच्या गावांचे उत्सव पाठोपाठ येतात त्यामुळे मे चा दुसरा पंधरवडा कामाच्या हिशोबात अर्धाच धरा.

आता तुमच्या मुद्द्यावर येतो. तुमचा सहकारी ज्या पूजेबद्दल बोलतोय ती पू ता ची. पू ता म्हणजे गाव वसवणाऱ्या पूर्वजांचा राखणदार आत्मा, त्याचं छोटं लाकडी घर गावाबाहेरच्या राखलेल्या झाडीत असतं, त्या झाडीतलं लाकूड कुणी तोडत नाही, अगदी आपल्या देवराईसारखं. चांद्र सहाव्या महिन्यात, म्हणजे मे ते जूनची सुरुवात, बऱ्याच गावांत बुधवारी, प्रत्येक घरातून कोंबडी, भात, दारू जाते. चाम नावाचा मानकरी असतो, तो गावाच्या वतीने राखणदाराशी बोलतो. उकडलेल्या कोंबडीच्या जबड्याचं हाड बघून पाऊस कसा येईल ते सांगतात. नंतर सगळे तिथेच जेवायला बसतात.

ह्या जेवणाकडे नीट लक्ष द्या. सगळ्या घरांतली कर्ती माणसं एका जागी आलेली असतात आणि बोलणं सगळं शेतीचंच. ट्रॅक्टर आधी कुणाकडे, वरच्या बांधीतलं पाणी खाली कधी सोडायचं, गुरं कधी बांधायची. गुरांचा मुद्दा तर फारच महत्त्वाचा. उन्हाळाभर इसानमध्ये गुरं-म्हशी कापलेल्या शेतात मोकळी चरतात, कुणाचं शेत कुणाचं हा प्रश्न नसतो. शेती सुरू झाली की ती बांधली जातात, आणि ती बांधायची कधी हे एकट्याने ठरत नाही. समजा तुम्ही पैसे जास्त देऊन एका शेतकऱ्याला २० मे लाच पऱ्हा टाकायला लावला, तर गावात हिरवं असं ते एकच ठिकाण असेल आणि सगळी गुरं तिथे येतील, आणि आलीच तर भांडायचं कुणाशी, कारण गावाच्या हिशोबाने गुरं अजून मोकळीच आहेत. उंदीर आणि पाखरांचंही तेच, अख्ख्या शिवारात एकच प्लॉट पुढे असला की सगळा मार त्याच्यावर. सगळं गाव एकदम सुरू करतं तेव्हा हा मार वाटला जातो.

दुसरं कारण पावसाचं. इसानमध्ये मे मध्ये पहिला पाऊस बरा होतो आणि मग जून-जुलैमध्ये कुठेतरी मोठा खंड पडतो, खरा जोर ऑगस्ट-सप्टेंबरला. पहिल्या पावसाला भुलून घाई केली तर पऱ्हा खंडात सापडतो. पूजेपर्यंत थांबण्यामुळे ही घाई आपोआप टळते. पूजा ह्याच हेतूने सुरू झाली असा दावा मी करत नाही, गावातलं कुणीही तसं म्हणणार नाही, त्यांच्यासाठी पू ता हा पू ता आहे. मी फक्त परिणाम सांगतोय.

आणि आता शास्त्राकडून बघू, कारण इथे तुमची काळजी बरीच कमी होईल. तुमच्या चाचणीत तुलनेसाठी खाव दॉक मली १०५ असणारच. हे १९५९ साली प्रसारित झालेलं वाण, बांग ख्ला भागातून गोळा केलेल्या लोंब्यांतून निवडलेलं, १०५ हा त्या लोंबीचा नंबर. हे प्रकाशाला संवेदनशील आहे, म्हणजे कधीही लावा, दिवस लहान होऊ लागले की ठरलेल्या वेळीच फुलतं. जूनमध्ये लावा नाहीतर जुलैच्या शेवटी, ते फुलोऱ्यावर येतं ऑक्टोबरच्या २० ते २५ च्या दरम्यानच आणि कापणी नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गरव्या (उशिरा येणाऱ्या) धानांचं हेच होतं, तुमच्या आजोबांना विचारा. म्हणजे पूजेमुळे रोवणी दहा दिवस पुढे गेली तर कापणी पुढे जात नाही, फक्त फुटव्यांचा काळ थोडा कमी होतो, आणि जूनच्या सुरुवातीला लावलेलं तर उलट फार उंच वाढून लोळतं. घरच्या खाण्याचं चिकट वाण आरडी-६, तेही असंच संवेदनशील. उशिराची खरी भीती ऑगस्टच्या मध्यानंतर आहे.

पण तुमच्या कंपनीचं नवीन वाण जर संवेदनशील नसेल तर गोष्ट वेगळी. ते दिवस मोजून येईल, म्हणजे सप्टेंबरात एकटंच फुलेल, ऐन मोठ्या पावसात, आणि दाणे भरतील तेव्हा शिवारात दुसरं काही खायला नसल्याने पाखरं सगळी त्याच्यावर. इथे पू ता चा काही संबंध नाही, ही अडचण प्रोटोकॉल लिहिणाऱ्याची आहे आणि ती तुम्ही जायच्या आधी सोडवली पाहिजे. जाळीचं बजेट मागा, नाहीतर त्या वाणाची रोवणी मागे घ्या.

गावची पूजा झाली की प्रत्येक घराची वेगळी असते, ता हॅक ची, म्हणजे त्या शेताच्या राखणदाराची. शेताच्या एका कोपऱ्यात छोटीशी जागा, कधी बांबूचं लहानसं कुंपण, तिथे आधी सात रोपं लावतात, मागणं मागतात, मग बाकीचं शेत. इथे एक अगदी व्यवहाराची गोष्ट. प्लॉटची आखणी कागदावर करून घेऊन जाऊ नका. शेतावर जाऊन घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की ता हॅक कुठे आहे, आणि तो कोपरा आखणीतून सोडा. मी एका प्रकल्पात पाहिलंय, बाहेरून आलेल्या टीमने खुंट्या नेमक्या तिथे ठोकल्या, शेतकरी तोंडावर काही बोलला नाही, हसला, आणि पुढच्या हंगामात जमीन द्यायला नाही म्हणाला. इसानची माणसं सहसा तोंडावर नाही म्हणत नाहीत, त्यामुळे "हो" ऐकून निर्धास्त होऊ नका.

रोवणीच्या मजुरांबद्दल. पूर्वी लोंग खॅक चालायचं, आज माझ्या शेतात सगळे, उद्या तुझ्या शेतात सगळे, ज्याच्याकडे काम त्याने जेवण घालायचं. आपल्या इर्जिकेसारखंच. ते आता फार कमी झालंय. तरुण मुलं शहरात, रोवणीऐवजी कोरडी पेरणी, कापणीला भाड्याचा हार्वेस्टर. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या दिवसांत म्हाताऱ्या बायका चालता चालता भेसळीची रोपं उपटून टाकायच्या आणि नव्या सुनांना दाखवायच्या, आणि आता पेरणीच्या शेतांत रानटी भात इतका वाढलाय की चांगल्या जास्मिनची शुद्धता राखणं कठीण झालंय. तुमच्या चाचणीला रोवणीच लागेल, तर मजुरी आधी पक्की करा, आणि जिथे अजून देवाणघेवाणीवर काम चालतं तिथे पैशांबरोबर दुपारचं जेवणही तुम्ही द्या, ते चुकवू नका. म्हशींच्या जागी पॉवर टिलर आल्याने नांगरणीनंतर म्हशींची माफी मागायचा विधी बहुतेक गावांतून गेला. नव्या ट्रॅक्टरला मात्र भिक्खू पांढरा टिळा लावतात, हार घालतात.

जुलैत वर्षावास सुरू होतो, खाव फन्सा. भिक्खू तीन महिने एकाच विहारात राहतात, पावसाळ्यात हिंडून कोवळी पिकं तुडवली जाऊ नयेत हे त्याचं जुनं कारण, आपल्या चातुर्मासाच्याच घराण्यातली ही गोष्ट. बरेच तरुण ह्या तीन महिन्यांसाठी दीक्षा घेतात, म्हणजे तुमचा फील्ड असिस्टंट जुलै ते ऑक्टोबर मुंडन करून विहारात असू शकतो. नेमणूक करताना सरळ विचारा, कुणाला वाईट वाटत नाही. ऑक्टोबरच्या पौर्णिमेला वर्षावास संपतो, मग महिनाभर कथिन, बाहेरगावी असलेली पोरं विहाराला दान द्यायला घरी येतात, आणि कथिन संपतं तोवर भात कापायला आलेला. जमिनीबद्दल, पुढच्या वर्षीबद्दल काही बोलायचं असेल तर ह्याच दिवसांत नाहीतर एप्रिलच्या १३ ते १५ ला सोंगक्रानला बोला, कारण पैसे पाठवणारी मुलगी गावात नसेल तर बाप शेवटचा शब्द देत नाही.

मे फोसोप, म्हणजे भाताची देवी, तिचा विधी तुम्हाला मध्य थायलंडमध्ये जास्त दिसेल. भात पोटरीत आला, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याआधी आत फुगली, की त्याला दिवस गेलेत असं मानून घरातली बाई शेतात आंबट फळं, केळी, ऊस घेऊन जाते, फणी, आरसा, पावडरही ठेवते. डोहाळेच ते. पोटरी ते फुलोरा हाच काळ पाणी तुटलं तर सगळ्यात जास्त पळींज (पोचट दाणे) करणारा, आणि नेमकं तेव्हाच घरातलं माणूस हटकून बांधावर जातं, पाणी बघतं. तुमच्या निरीक्षणाच्या तक्त्यात हा टप्पा असेलच, तर त्या बाईंबरोबर जा. पोटरीची तारीख त्या तुमच्यापेक्षा अचूक सांगतील.

कापणीनंतरचं एक, जे कुणी आधी सांगत नाही. जास्मिन बहुतेक हार्वेस्टरमधून थेट गिरणीवर जातो. घरात साठतो तो खायचा चिकट भात, खांबांवरच्या लाकडी कोठारात. ते कोठार भरल्यावर चांद्र तिसऱ्या महिन्याच्या शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे जानेवारी अखेर ते फेब्रुवारी, जुन्या वळणाच्या घरांत त्यातून भात काढत नाहीत. त्या दिवशी भाताच्या प्राणाला बोलावून, पूजा करून मग कोठार उघडतं. तोवरचं खाणं बाहेर वेगळं ठेवलेलं असतं. तर तुमचे बियाण्याचे नमुने "राहू दे तुमच्या कोठारात" म्हणून ठेवू नका, डिसेंबरात हवे असतील तर मिळणार नाहीत आणि मागणंही बरं दिसणार नाही. वेगळी पोती, वेगळी जागा.

तुम्ही लिहिलंय की दुसरा प्लॉट चियांग माईकडे असू शकतो. तिथे नियम एकदम कडक धरा, कारण तिथे पाणी मुआंग फायचं, म्हणजे गावांनी मिळून बांधलेले नदीवरचे बंधारे आणि पाट. चियांग माई वसवणाऱ्या मंगराय राजाच्या नावाने चालत आलेल्या कायद्यातही त्यांची कलमं आहेत. पाण्याचा प्रमुख निवडलेला असतो, जमीन जितकी तितके श्रम आणि तितकं साहित्य प्रत्येकाने द्यायचं, आणि हंगामाआधी बंधाऱ्याच्या देवाला नैवेद्य. त्याच सुमारास पाट साफ होतो, हिशोब होतो, कोण गैरहजर ते कळतं. धुळ्याकडच्या पांझरेवरची फड पद्धत, नाहीतर तुमच्याकडचे मामा तलाव, ज्याने बघितलेत त्याला हे लगेच समजेल. इथे विधी आणि पाण्याचा निर्णय वेगळे काढताच येत नाहीत. त्या दिवशी तुमच्या प्लॉटच्या वाट्याचा माणूस फावडं घेऊन हजर पाहिजे.

वागण्याबद्दल दोन शब्द. मोठ्यांना नुसत्या नावाने हाक मारू नका, पो आणि मे म्हणा, आईबापाला म्हणतात तसं. पूजेला प्रत्येक घर देतं तेवढीच वर्गणी द्या, कंपनीच्या नावाने मोठी रक्कम देऊन बॅनर लावू नका, त्याने पुढच्या वर्षी बाकीच्या घरांना अवघडल्यासारखं होतं. दारू घेत नसाल तर ग्लास हातात घेऊन कपाळाला लावा आणि शेजाऱ्याला द्या, चालतं. फोटो चाम ना विचारून.

तर तुमच्या प्रोटोकॉलपुरतं: एक तारीख काढून टाका आणि खिडकी लिहा, पऱ्हा २५ मे ते १५ जून, रोवणी २० जून ते १५ जुलै, "गावाच्या पू ता नंतर" ही अट त्यातच घाला. तुलनेची सगळी वाणं एकाच दिवशी लावली जातायत ना एवढं सांभाळा, चाचणीला महत्त्व त्याचं आहे. गेल्या गेल्या बाजारातून भिंतीवरचं थाई कॅलेंडर घ्या, त्यात चांद्र तिथी असतात आणि धर्मदिवसांवर छोटं बुद्धाचं चित्र असतं, सगळं गाव त्यावरच बोलतं.

मला एवढं कळवा, की तुमच्या कंपनीचं वाण प्रकाशाला संवेदनशील आहे का, आणि तुमचं गाव सुरिनच्या ख्मेर बोलणाऱ्या पट्ट्यातलं आहे का रोइ एतच्या लाओ बोलणाऱ्या. दक्षिणेकडच्या त्या ख्मेर पट्ट्यात घरी साधा भात खातात, चिकट नाही, आणि कोठाराचे, पूजेचे तपशील बदलतात. ते कळलं की महिन्यावार तारखा बसवून देतो.